शेठच्या टोपातली माकुडी

आमच्या निमगाव सावात माझ्याएवढा समाधानी माणूस शोधून सापडायचा नाही. शेजाऱ्यानं नवा ट्रॅक्टर घेतला तेव्हा नारळ फोडायला मीच पुढे होतो. चुलतभावाचा कांदा माझ्या कांद्यापेक्षा मोठा निघाला, ते मी स्वतः पारावर बसून सांगितलं. साडूनं दोन मजली बंगला बांधला, तर वास्तुशांतीला मी चार वेळा जिलेबी मागून घेतली आणि प्रत्येक वेळी बंगल्याचं कौतुक केलं. असा मी. पण गेल्या दोन वर्षांत माझ्या पोटात जी आग पेटली, तिच्यावर अख्ख्या जत्रेचा स्वयंपाक झाला असता. आणि ती पेटवली कुणी? ओतूरच्या एका भांड्यांच्या दुकानाच्या गच्चीवर, चेपलेल्या अॅल्युमिनियमच्या टोपात उभ्या असलेल्या, बोटाएवढ्या जाडीच्या एका फांदीनं.

तिचं नाव शिंदळ माकुडी. शिकलेली माणसं तिला शिवसुमन म्हणतात. पहिलं नाव बायको घरात घेऊ देत नाही आणि दुसरं माझ्या तोंडी बसत नाही, म्हणून मी नुसतं माकुडी म्हणतो. आमच्या जुन्नरच्या कड्यांवर आणि सह्याद्रीत आणखी चार-दोन जागी ती उगवते, बाकी जगात कुठं नाही. उन्हाळ्यात बघाल तर मेलेली. पानं सगळी गळतात आणि राखाडी, मांसल बोटं तेवढी उरतात. पाऊस पडला की त्या बोटांना पानं फुटतात आणि श्रावण-भाद्रपदात फूल येतं. शर्टाच्या बटणापेक्षा थोडं मोठं, पाच टोकांची चांदणी, रंग वाळलेल्या रक्ताचा, वर पिवळे ठिपके. वास शिळ्या मटणाचा. मधमाश्या तिच्याकडे ढुंकून बघत नाहीत, साध्या माश्या मात्र आवतण दिल्यासारख्या येतात. असल्या फुलासाठी कुणी झुरेल का? मी झुरलो.

हे वेड असलेलं आमचं सहा-सात जणांचं टोळकं आहे. ते जमवलं मढच्या गुरुजींनी. शाळेतून निवृत्त झाल्यावर हाताखाली पोरं उरली नाहीत, म्हणून त्यांनी आम्हाला धरलं. त्यांची मूळ माकुडी एका रोपवाटिकेतून रीतसर आणलेली, आणि टोळक्यातल्या सगळ्यांच्या फांद्या तिच्यापासूनच निघालेल्या. कड्यावरचं झाड उपटायचं नाही आणि फांदी विकायची नाही, हे त्यांनी पहिल्याच दिवशी बजावलं. फांदी द्यायची ती अदलाबदलीत, नाही तर प्रेमानं. आणि ज्यानं दिली ते घर म्हणजे त्या फांदीचं माहेर. पुढेमागे माहेरचं झाड मेलं, तर दिलेल्या घरून एक फांदी परत आणायचा हक्क.

हक्क चांगलाच आहे. मागायची रीत मात्र वाईट. पाऊस ओसरला की वर्षातून एकदा सगळे मढला गुरुजींच्या ओट्यावर जमतात. ज्याचं झाड मेलं त्यानं रिकामी कुंडी घेऊन यायचं, ती मधोमध ठेवायची आणि तोंडानं म्हणायचं, "माझ्या हातून गेली." मग कशी गेली ते गुरुजी विचारणार. पाणी कधी घातलं, किती घातलं, माती कुठली, ऊन कुठलं. पोलिसांच्या तावडीतून माणूस एक वेळ सुटेल, गुरुजींच्या नाही. एका वर्षी घोडेगावच्या नर्सबाई रिकामी कुंडी घेऊन आल्या होत्या. त्यांचे डोळे भरून आले होते आणि मी सगळ्यांच्या देखत म्हणालो होतो, "ताई, दवाखान्यात माणसं वाचवता आन् घरी झाडं मारता व्हय?" सगळा ओटा हसला. सगळ्यात मोठ्यानं मी. त्यांनी ते लक्षात ठेवलं. नर्स माणूस, सुई कधी टोचायची ते बरोबर ठाऊक.

ओतूरचा शेठ या टोळक्यात सगळ्यात उशिरा आला. त्याचं घराणं तीन पिढ्यांपूर्वी मारवाडातून ओतूरला आलं. आता शेठ बोलायला लागला की मीच पुण्याहून आल्यासारखा वाटतो. माणूस शांत, हसरा, कुणाचं वाईट न बोलणारा. अशा माणसाचा हेवा करणं फार अवघड असतं, कष्ट पडतात. शिवाय घर जैन, तिथं कांदा-लसूण-बटाटा चालत नाही आणि माझं सगळं पीक जमिनीखालचं. त्याच्याकडे जाताना हातात काय न्यावं हा माझा कायमचा प्रश्न.

त्या वेळी गुरुजींच्या खालोखाल माकुडी माझीच. सतरा फांद्या होत्या तिला. शेठ दर वेळी म्हणायचा, "भाऊ, एक फांदी द्या की." मी म्हणायचो, "आता न्हाई, आता ती वाढतीय." पुढच्या वेळी, "आता न्हाई, आता ती झोपलीय." तिसऱ्या वेळी ती रुसलीय असं सांगितलं. चौथ्या वेळी गुरुजींनीच डोळे वटारले, तेव्हा नाइलाज झाला.

माझ्या पंपाच्या खोलीच्या खिडकीत एक फांदी तीन आठवडे पडून होती. वाऱ्यानं मोडली होती, टाकायची राहून गेली होती. मनुकेसारखी सुरकुतलेली. मी ती लाल खणाच्या तुकड्यात गुंडाळली, वर हळद-कुंकू लावलं आणि शेठच्या ओंजळीत ठेवून म्हणालो, "शेठ, पोटची पोरगी देतोय. जपा." शेठला गहिवरून आलं. मी येताना गाडीत एकटाच हसत होतो.

मला काय ठाऊक, की या जातीची फांदी अशीच द्यायची असते! मोडलेली जागा वाळून खडखडीत झाली की मगच ती मूळ धरते, ओली लावली की सडते. वाऱ्यानं मोडलेली फांदी मी कधी लावलीच नव्हती आणि माझी पहिली मला गुरुजींनी कुंडीसकट दिली होती. मी दुष्टपणानं जे केलं ते कुणी प्रेमानं केलं असतं तरी इतकं अचूक जमलं नसतं.

आणि इकडे माझी लाडकी. आम्हा शेतकऱ्यांच्या हातात एक खोड आहे, सुकलेलं रोप आम्हाला बघवत नाही. थंडी सरली आणि माकुडीची पानं पिवळी पडायला लागली. ती झोपायची तयारी करत होती. मला वाटलं, भुकेली आहे. मी तिला गांडूळखत घातलं. दोन दिवसांनी जीवामृत. बटाट्याला आणलेलं विद्राव्य खत शिल्लक होतं, तेही पाजलं. मग बाहेरगावी जायचं होतं म्हणून कांद्याच्या ड्रिपची एक नळी ओढून तिच्या कुंडीत सोडली. बायको दारात उभी राहून बघत होती.

"माझ्या बाळंतपणात एवढं केलं असतं, तर आज मी तुमच्या दीडपट असते," ती म्हणाली.

आठव्या दिवशी येऊन हात लावला, तर चहात बुडवलेल्या खारीसारखी फांदी बोटाला लागून आली. दुसरी तशीच. सतराच्या सतरा. कुंडीतून जो वास आला, तो त्या फुलाच्या वासालाही लाजवील असा होता.

आता प्रश्न होता मढचा, रिकाम्या कुंडीचा. आणि ओट्यावर बसलेल्या घोडेगावच्या नर्सबाईंचा. मी ठरवलं, माझी माकुडी मेलेलीच नाही. उन्हाळ्यात ती तशीही मेल्यासारखीच दिसते. माळावर माकडशिंगी नावाची रानवनस्पती मिळते, मेंढपाळ येता-जाता चघळतात. तशाच मांसल कांड्या, पानाचा पत्ता नाही. ती आणून कुंडीत खोचली, लांबून फोटो काढला आणि आमच्या व्हॉट्सअॅप गटावर टाकला, 'गाढ झोपली आहे.' गुरुजींनी शाबासकीच्या अंगठ्याचं चित्र पाठवलं. वैशाख संपेपर्यंत मी सुखात होतो.

पण पाऊस कुणाला थांबवता येतो? पहिल्या सरींनी मढला पानं फुटली. मग घोडेगावला फुटली. गटावर हिरव्यागार फोटोंची रांग लागली आणि सगळे विचारायला लागले, निमगावची कुठं आहे? मी लिहिलं, पानं आली होती, बोकडानं खाल्ली. आठ दिवसांनी लिहिलं, पुन्हा आली, वानरांची टोळी उतरली. तिसऱ्यांदा लिहिलं, या वेळी पानं एवढी मोठी आहेत की फोटोत मावत नाहीत. नर्सबाईंनी उत्तर पाठवलं, "भाऊ, मग दोन फोटो काढा."

आणि याच वेळी ओतूरहून शेठचे फोटो सुरू झाले. टोपात एकाची पाच बोटं झालेली, प्रत्येक बोटावर पानांचा झुपका. खाली शेठनं लिहायचं, 'निमगावच्या भाऊंची लेक. माहेरचं वळण.' दर फोटोखाली हेच. मला शिवी दिली असती तर परवडलं असतं. बायको तर चष्मा लावून मोठ्यानं वाचून दाखवायची. "अहो, तुमची लेक बघा किती भरलीय. सासर मानवलं हो पोरीला." मग कळी आली. मग एक फूल. मग रोज एक. माझ्या कुंडीत माकडशिंगी डुलत होती आणि मी फोन पालथा घालून जेवत होतो.

शेवटी मला राहवेना. कुकरची रबरी रिंग आणायची असं सांगून मी नारायणगावला गाडी बदलून ओतूर गाठलं. शेठ दुकानात बसला होता, चेहरा उतरलेला, पण हसू तेच. "या भाऊ! मी म्हणतच व्हतो, बाप लेकीला बघायला कसा आला न्हाई." धरूनच मला गच्चीवर नेलं.

काय सांगू? गच्चीच्या कोपऱ्यात, पाण्याच्या टाकीच्या आडोशाला तो टोप. गाडीतून उतरवताना पडून चेपलेला, बुडाला फुटलेला, म्हणून विकला न गेलेला. त्यातून माकुडी काठावरून खाली ओघळली होती. मी फुलं मोजली, एकतीस. शेठ अजून म्हणतो अकरा होती. असतील. मी रागात मोजत होतो.

"पाणी कसं घालता?" मी विचारलं.

"आठवण झाली की."

"आन् न्हाई झाली तर?"

"मग राहिलं," शेठ म्हणाला.

"खत?"

"ते बी घालायचं असतं का?"

एवढ्यात खालून कुणी गिऱ्हाईक ओरडलं आणि शेठ "आलोच" म्हणून जिना उतरला. मी, टोप आणि एकतीस फुलं. माझ्या मनात आलं, हक्क तर आपलाच आहे, माहेर आपलंच आहे. फक्त मढला जाऊन बोलायची गरज काय? आणि नखानं कटकन एक फांदी मोडली. घाईत बघितलंही नाही, नेमकी फूल आणि दोन कळ्या असलेली निघाली. सदऱ्याच्या खिशात टाकली आणि आभाळाकडे बघत उभा राहिलो.

शेठ वर आला तो पाण्याचा तांब्या घेऊन. मला दिला, स्वतः मात्र प्यायला नाही. "उपास हाय," तो म्हणाला. "आमचं पर्युषण चाललंय. भाऊ, तुमाला आज एक फांदी द्यायची लई इच्छा हाय, पण हे आठ दिवस आमी हिरवं तोडत न्हाई. पानसुद्धा न्हाई. शेवटच्या दिवशीची संवत्सरी झाली की मी सोता घेऊन येतो."

मी तोंडातलं पाणी गिळलं. तेवढ्यात पहिली माशी आली. माझ्या खिशावर बसली. दुसरी आली. शेठनं माशीकडं बघितलं, मग टोपाकडं, मग परत माझ्याकडं. खाली वाकून त्यानं भांडी घासायच्या डब्यातली चिमूटभर राख मोडल्या जागेवर लावली.

परतीच्या गाडीत त्या फुलानं माझी शोभा केली. आळेफाट्यापर्यंत माझ्या खिशाभोवती एवढ्या माश्या जमल्या की शेजारचा माणूस उठून उभा राहिला. कंडक्टर म्हणाला, "काका, सुकट हाय का खिशात?"

"प्रसाद हाय," मी म्हणालो.

"कुठल्या देवाचा राव?" म्हणून तो सगळ्या गाडीला ऐकू जाईल असा हसला.

घरी आल्याआल्या मी माकडशिंगी उपटून फेकली, फांदी लावली आणि पोटभर पाणी घातलं. हाताची खोड जाते का?

संवत्सरीच्या दुसऱ्या दिवशी सकाळी शेठ खरंच आला. स्कूटरवरून, पांढरे कपडे, उपासानं गालफडं बसलेली. ओट्यावर येऊन हात जोडून वाकला. "मिच्छामि दुक्कडम्, भाऊ. वर्षभरात कळत-नकळत माझ्याकडून तुमचं मन दुखावलं असंल, तर माफी असावी."

दुखावलं? मी वर्षभर दुसरं काय करत होतो? पण त्यातलं एकही दुखणं त्यानं दिलेलं नव्हतं, सगळी मी घरीच तयार केलेली. तोंडात शब्द येईना. माझ्या तोंडात शब्द न येणं ही आमच्या घरात पहिलीच वेळ, बायको घाबरून पाणी घेऊन बाहेर आली.

शेठची नजर कुंडीवर गेली. तो उठला, दोन बोटांनी फांदी अलगद उपटली, खालचं टोक दाबून बघितलं. "वली लावली तुमी. सडायला लागलीय." खिशातून रुमाल काढून त्यानं ती पुसली आणि आमच्या खिडकीत आडवी ठेवली. "पंधरा दिवस हात लावू नका. पाण्याचा तर न्हाईच न्हाई."

"शेठ," मी म्हणालो, "तुमचीच हाय ती."

"ठाव हाय."

"मग त्या दिशी बोलला का न्हाई?"

"त्या आठ दिवसांत राग करायचा नसतो."

"आन् आज?"

"आज माफी मागायला आलोय. आज कसा करू?" शेठनं टोपी सारखी केली. "उद्या करतो."

आणि केला. दुसऱ्या दिवशी सकाळी बरोबर नऊला फोन वाजला. "भाऊ, तुमी शेतकरी ना? कळ्यावर आलेली फांदी मोडतं का कुणी? ती बी नखानं? बिलेड घालायला काय झालं व्हतं? एवढ्या दिवसांत मी पान तोडलं न्हाई आन् तुमी माझ्या गच्चीवर येऊन..." पाव तास चालला. आवाज एकदाही चढला नाही, पण माझे कान भाजून निघाले. रागसुद्धा माझ्यापेक्षा चांगला करतो माणूस! शेवटी म्हणाला, "तुमचा हक्क व्हता. मागायचं व्हतं."

"मागायला रिकामी कुंडी न्यावी लागती, शेठ."

"मग न्या की. मी कुणाला सांगणार न्हाई. पण तुमी सांगा."

पाऊस ओसरला आणि मी मढला गेलो. कुंडी घासून धुऊन नेली होती. ओट्यावर सगळे जमले, मी ती मधोमध ठेवली आणि म्हणालो, "माझ्या हातून गेली." मग सगळं सांगितलं. खिडकीत वाळलेली फांदी, खण, हळद-कुंकू, ड्रिपची नळी, माकडशिंगी, पर्युषणातली चोरी, खिशातलं फूल. आयुष्यात पहिल्यांदा मी एक शब्दही वाढवला नाही. माश्यासुद्धा मोजून सांगितल्या.

मग नर्सबाईंना हसू फुटलं, मग गुरुजींना, मग सगळा ओटा पोट धरून लोळायला लागला.

"अरे काय रचतोस राव!" गुरुजी डोळे पुसत म्हणाले. "पर्युषणात, शेठच्या घरी, चोरी! आणि कुंडी काय लख्ख धुऊन आणलीय नाटकाला!"

"गुरुजी, खरं हाय हो!"

"भाऊ," नर्सबाई म्हणाल्या, "ती बोकडाची गोष्ट जास्त खरी वाटली व्हती."

मी शेठकडे वळलो. "शेठ, तुमी सांगा यांना."

"भाऊ सांगत्यात तसंच झालं," शेठ म्हणाला. खरं तेच बोलला बिचारा. पण तो हसत हसत बोलला आणि कुणालाच ते खरं वाटलं नाही. उलट गुरुजींनी त्याच्या पाठीवर हात ठेवला. "केवढं मन बघा! हा पठ्ठ्या त्याला गोष्टीत ओढतो आणि हा सांभाळून घेतो." त्या दिवशी चहाचा पहिला कप शेठला मिळाला. मी रडून सांगितलं असतं तरी मला दुसराच मिळाला असता. माझ्या पोटातली जुनी आग अजून विझली नव्हती आणि तिथं बसल्या बसल्या नवी पेटली. झाडाचं एक वेळ सोडा, पण त्याचं हसत बोललेलंही लोक मोठेपणा म्हणून डोक्यावर घेतात आणि माझ्या खऱ्या कबुलीवर लोळून हसतात, हे कुणी सहन करायचं?

खिडकीतली फांदी मी पंधरा दिवसांऐवजी महिनाभर वाळवली. त्या महिन्यात बायकोनं ड्रिपच्या कॉकची चावी स्वतःच्या कमरेला बांधली होती. मग कोरड्या मातीत लावली, आणि उन्हाळाभर तिच्याकडे पाठ करून बसलो. यंदा पावसात तिनं डोळे उघडले. मी लगेच ओतूरला फोन लावला.

"शेठ, पाच पानं आली!"



"म्हणजे तीन," शेठ म्हणाला.

तीनच होती.